सामाईक कान

तबिथा पाडळेने चौथ्या मजल्यावरची बेल दाबली आणि ती खाली, फाटकाजवळच्या केबिनमध्ये वाजली. पहिल्यांदा खटकलं ते एवढंच. तबिथा मुळात चटकन दचकणारी. लिफ्टचं दार लागलं तरी तिचा हात छातीवर जायचा. वायर कुठेतरी चुकली असेल, असं म्हणून तिने पुन्हा दाबली. पुन्हा खालीच वाजली, आणि जिन्यातून शांत आवाज वर आला, "खाली या. इथे ऐकलं जाईल."

समाधान हाइट्समध्ये दिवाळीपासून सगळ्यांच्या वतीने ऐकायला एक माणूस ठेवलेला होता. ठराव एकमताने झाला होता. माणसाचं नाव खांबेटे. निवृत्त, इस्त्रीचा झब्बा, पुढ्यात तांब्या-भांडं. विक्रेते, उमेदवार, वर्गणीवाले, लांबचे नातेवाईक त्यांच्यासमोर बसत आणि बोलून मोकळे होत. अलीकडे नवराबायकोही आपापली भांडणं खाली येऊन त्यांनाच सांगून जात, त्यामुळे घरोघरी शांतता असे.

"मला रेणुकाला भेटायचंय," तबिथा म्हणाली. "चारशे तीनमधली देवधर. कॉलेजात एका बाकावर बसायचो आम्ही. तिची आई गेली तेव्हापासून ती फोन उचलत नाही, कुणाचाच. मागच्या आठवड्यात मेसेज आला, आता कशातच अर्थ नाही गं. एवढाच. मला भीती वाटते काका, ती जिवाचं काही करून घेईल."

"विषय काय लिहू?"

"प्रभू येशूविषयी बोलायचंय."

"मग लिहायला नको. सांगा," असं म्हणून खांबेट्यांनी चष्मा काढला आणि हात जोडून मांडीवर ठेवले.

तिने सांगितलं. आधी जीभ अडखळली, मग सुटली. खांबेटे ऐकत राहिले. तिचं इतकं कुणी कधी ऐकलं नव्हतं. बाजारात लोक तिच्याकडून येशूची पत्रिका घेत आणि त्याच कागदाने स्कूटरची सीट पुसत. ऑफिसातल्या मुली "हो, क्यूट आहे" म्हणून मोबाइलकडे वळत. हे गृहस्थ योग्य जागी मान हलवत होते. ती वधस्तंभापाशी आली तेव्हा त्यांचे डोळे चक्क भरून आले.

"एक शंका," ते म्हणाले. "हे पाप म्हणता ते सोसायटीचं की ज्याचं त्याचं?"

"ज्याचं त्याचं."

"मग पंचाईत आहे. मला फक्त सामाईक ऐकता येतं. जिना, गच्ची, पाण्याची टाकी, तसंच हे. ज्याचं त्याचं असेल तर सभासदाची परवानगी लागते."

"मग ती मागायला तरी वर जाऊ द्या."

"मागाल ते कुणीतरी ऐकायला हवं ना. ते मीच ऐकतो."

तेवढ्यात सेक्रेटरी बेहेरेबाई भाजीची पिशवी घेऊन आल्या. खांबेटे उठून उभे राहिले. "या ताई तारणाबद्दल आल्यात."

"तारण?" बाईंनी पिशवी खाली टेकवली. "अगं, इथले सगळे फ्लॅट आधीच बँकेकडे तारण आहेत. त्यावर दुसरं बसत नाही."

"तसलं तारण नाही हो काकू. जिवाचं."

"मीही जिवाचंच म्हणतेय. वीस वर्षांचं आहे."

"पण हे फुकट आहे. कृपेने मिळतं."

बाईंचा चेहरा उतरला. "फुकट असेल तर नकोच. मागे फुकट म्हणून गच्चीवर सोलर बसवून घेतलं, अजून निस्तरतोय." मग आवाज मऊ करून म्हणाल्या, "राग मानू नकोस बाळ. विरोध कुणाचाच नाही. येशूचं चांगलंच असतं, योगवाल्यांचंही चांगलंच असतं. सगळंच चांगलं म्हटल्यावर माणूस किती ऐकणार? म्हणून तर यांना ठेवलं."

"मग विरोध तरी करा," तबिथा म्हणाली आणि स्वतःच्याच आवाजाने दचकली. "येशूचं सांगायचे म्हणून माझ्या आजोबांना गावात दगड मारले होते. मारणाऱ्यांतले दोघं पुढे आमच्याच चर्चच्या मंडळीत आले. दगड उचलायचा तर माणसाला आधी ऐकावं लागतं, काकू."

बेहेरेबाईंनी विचार केला. "इथे दगड नाहीत गं. सगळीकडे पेव्हर ब्लॉक आहेत." पिशवी उचलून त्या लिफ्टकडे गेल्या.

तबिथा खांबेट्यांकडे वळली. "काका, तुमचे डोळे भरून आले होते. मी पाहिलं. तुम्हाला स्वतःला काय वाटलं?"

"मला?" खांबेटे जरा ओशाळले. "मी इथला नाही हो. मी राहतो पलीकडच्या सोसायटीत. तिथे आमच्या वतीने दुसरे एक गृहस्थ ऐकतात. त्यांना सांगून बघा. जरा कमी ऐकू येतं त्यांना."

ती बाहेर पार्किंगमध्ये आली. वर चारशे तीनची खिडकी उघडी होती. दांडीवर एकच टॉवेल. बेल नको, परवानगी नको, असा एक उपाय अजून उरला होता, फक्त तो करायला घसा लागतो आणि तबिथाचा घसा तिला नेहमी ऐन वेळी सोडून जायचा. तिने गाडीच्या बॉनेटला धरलं.

"रेणुके!"

कबुतरं उडाली. कुणी खिडकीत आलं नाही. कुणी "काय कटकट आहे" असंही म्हटलं नाही.

"रेणुके, मी तबी! खाली ये नाहीतर मला वर बोलाव. मला तुला एक गोष्ट सांगायचीय. तुलाच. ऐकून हाकलून दे हवं तर!"

खिडकीत रेणुका आली. वाळलेली, केस न विंचरलेले. तिने खाली पाहिलं, खूप वेळ पाहिलं. तिचे ओठ हलल्यासारखे झाले. मग तिने हात लांब करून भिंतीवरचा इंटरकॉम उचलला आणि त्यात काहीतरी बोलली.

केबिनमध्ये घंटी वाजली. खांबेट्यांनी रिसीव्हर कानाला लावला, "हो, हो, फक्त एवढंच ना," म्हणाले, आणि तो खाली ठेवला. मग झब्बा सारखा करून ते दारात आले, तबिथाकडे पाहिलं, आणि घसा खाकरून, रेणुकाच्या वतीने म्हणाले,

"ओ."