टिपणीसांचा उजवा हात

बोलण्याच्या भरात टिपणीसांचा उजवा हात तुम्हाला लागला, तर ते चटकन मान झुकवत आणि म्हणत, "माफ करा हं, पाय लागला."

गजानन टिपणीस पनवेलच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते आणि आमच्या शेजारी राहत. नव्वद सालच्या आसपास त्यांचं उजवं मनगट सुजलं. मुरगळलं असेल, म्हणून त्यांनी ते वर्षभर एका मालिशवाल्याकडून चोळून घेतलं. सूज वाढतच गेली. शेवटी मुंबईला एक्स-रे काढला, तेव्हा गाठ निघाली. कॅन्सर नव्हता, पण गाठीने मनगटाजवळचं हाडाचं टोक पोखरून टाकलं होतं. आधी आले असते तर गाठ खरवडून भागलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. टिपणीसांनी हे कधी कुणाला सांगितलं नाही. मला ते त्यांच्या पत्नीकडून, सुमनवहिनींकडून कळलं.

डॉक्टरांनी ते टोक कापून काढलं आणि त्यांच्याच पायातलं नडगीशेजारचं बारीक हाड त्या जागी पट्टी व स्क्रूंनी बसवलं. हात वाचला, मनगट मात्र वळेनासं झालं.

भेटायला येणाऱ्यांचे पडलेले चेहरे त्यांना बघवत नसत. त्यातून हा विनोद निघाला. "आता या हाताला एक चप्पल बघायला हवी, राजे!" प्रत्येकाला ते 'राजे' म्हणत. सही वाकडी आली तर म्हणत, "चालायचं हाड आहे, लिहायला नवीन आहे."

एकदा स्टँडवर बेलपाड्याच्या एका म्हातारीला गाडी दाखवताना त्यांचा हात तिच्या टोपलीला लागला. त्यांनी लगेच माफी मागितली.

"पाय कुठं? हात हाय ना तो!" ती म्हणाली. "सायबाला बरं नाय वाटत!"

टिपणीस दिवसभर हे सांगून हसत होते.

पुढे त्यांनी गणपतीला उजव्या हाताने फूल वाहणं सोडलं. घरची पूजा धाकट्या भावाकडे दिली. वहिनी चिडल्या, "पुरे झाली तुमची थट्टा! हात तो हात."

"पायाचं हाड आहे सुमन, देवाला कळतं," ते म्हणाले. तेव्हा ते हसत नव्हते. हे त्या वेळी कुणी मनावर घेतलं नाही.

काही वर्षांनी त्यांच्या एकुलत्या मुलीचं, मीनाचं, लग्न झालं. पाठवणीच्या वेळी कार्यालयासमोर गाडी उभी होती. मीना वडिलांच्या पाया पडली आणि वाकूनच राहिली. टिपणीसांचे दोन्ही हात पाठीमागे होते.

"बाबा, डोक्यावर हात ठेवा ना."

"कुठला ठेवू?" त्यांनी विचारलं.

मंडळी खो खो हसली. व्याही म्हणाले, "टिपणीस, आज तरी सोडा हो!" मीनाही रडता रडता हसली आणि उठून उभी राहिली. मागून कुणीतरी उशीर होतोय म्हणून हाक मारली. ती गाडीत बसली.

गाडी वळणाआड गेली. मंडळी कार्यालयात परतली. टिपणीस तिथेच उभे होते. त्यांनी उजवा हात पुढे केला आणि मीना वाकली होती तेवढ्या उंचीवर, हवेत, थोडा वेळ धरून ठेवला.