महाराजांच्या नावावर गाळ

एका जंगलात एक कचेरी होती. हसू नका, बाळांनो. जिथे राजा असतो तिथे कचेरी असायचीच.

कचेरीत एक काळा पडदा होता. त्यावर हुकूम टाइप केला, की जंगलातली यंत्रं मुकाट कामाला लागत. हे काम गोदाक्का साळिंदरीचं. पंधरा वर्षांत तिचं एक अक्षर चुकलं नव्हतं. त्या खुर्चीवर तिचा फार जीव होता.

दरबाराचा रिवाज असा, की प्रत्येक हुकमाआधी महाराजांची ललकारी आपोआप उमटायची: 'वनाधिपती गर्जनासम्राट सिंहमहाराज'. यंदा वाढदिवसाला मोरानं ललकारीला सात रंग दिले. रंग महाराजांनी स्वतः निवडले होते.

दुसऱ्याच दिवशी घोळ झाला. गोदाक्का टाइप करत होती, 'पूर्वेकडच्या तळ्यातला गाळ उपसा'. ओळ अर्ध्यातच वळली आणि उरलेली अक्षरं गपकन सुरुवातीला, ललकारीवरच जाऊन बसली. पडद्यावर दिसलं: 'गाळ उपसा गर्जनासम्राट सिंहमहाराज'.

आणि महाराज नेमके मागे उभे!

"काय गं हे? उद्या दुपारपर्यंत पडदा सरळ झाला नाही, तर तुझी खुर्ची माकडाला!"

गोदाक्काच्या अंगावर काटा आला. होताच, पण आणखी आला.

भिकोबा माकड दारातच होता. "आक्का, कशाला एवढं मनाला लावून घेता? पडदा पुसायचं बटण आहे की. दाबा आणि चहा घ्या."

"अरे मेल्या, पुसल्यानं दुखणं जातं होय?"

ती कामाला लागली. एक बिरूद काढलं, घोळ तसाच. रंग काढले, आणि ओळ सरळ! मग तिला उमगलं. रंग बदलायच्या खुणा डोळ्यांना दिसत नाहीत, पण यंत्र त्यांनाही अक्षरं समजून मोजतं. त्याला वाटतं ओळ भरली. तिनं प्रत्येक खुणेला 'हे अक्षर नव्हे' असं कुंपण घातलं. रंगही राहिले, ओळही सरळ. गोदाक्काला इतका आनंद झाला, की तिनं उगाचच तीनदा गाळ उपसला.

दुपारी महाराज आले. "शाब्बास! दोष कशात होता गं?"

मोर स्वतःच्या पायांकडे बघू लागला. भिकोबा खोकला. गोदाक्का पडली सरळमार्गी.

"रंगांत, महाराज. घालताना खुणा नीट बांधल्या नव्हत्या."

"रंग," महाराज हळूच म्हणाले, "आम्ही निवडले होते."

संध्याकाळी गोदाक्का पंधरा वर्षांचा डबा घेऊन रडत घरी गेली. महाराजांच्या हुकमानं तिची कुंपणंही उपटली गेली. आता खुर्चीत भिकोबा बसतो. रोज महाराजांच्या नावावर गाळ बसतो. पण महाराजांची पावलं वाजली, की भिकोबा बटण दाबतो. महाराज स्वच्छ काळ्या पडद्याकडे बघतात आणि भरल्या गळ्यानं म्हणतात, "याला म्हणतात काम! एक डाग नाही!"

तात्पर्य: दोष शोधूच नये असं नाही, बाळांनो. जरूर शोधावा, डोळे भरून बघावा, आणि महाराज येताना दिसले की पडदा पुसावा.