रोजच्यासारखी हवा

तिच्या फुप्फुसांत आता फारसं काही उरलेलं नाही, हे ज्या दिवशी कळलं त्या दिवशी डॉक्टरांनी पहिला प्रश्न नवऱ्याला विचारला. "सिगारेटी किती ओढता?"

"एकही नाही."

"मग या ओढतात?"

ती हसली. हसता हसता खोकली, आणि खोकला थांबेपर्यंत डॉक्टर पंख्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "घरातली हवा एकदा तपासून घ्या." ते राहून गेलं. हवा तपासायच्या आधीच ती गेली.

विषय पुन्हा काढला तो मुलीने. तिला सातवा महिना होता आणि बाळंतपणासाठी वडिलांजवळ यायचं होतं. फोनवर म्हणाली, "बाबा, मला यायचंय हो. पण आईला त्या घरात काय झालं ते कळल्याशिवाय बाळाला तिथे कशी आणू? हवा तपासून घ्या, मग सांगा."

बाबांनी तपासनीस बाईंना बोलावलं आणि आदल्या दिवशी मेहुण्याला हाताशी घेतलं. दोघांचा जन्म छापखान्यात गेलेला. तिथे निरीक्षक येणार म्हटलं की मशिनं पुसायची, फरशी धुवायची, गळक्या नळावर रंग मारायचा आणि चेहरा सरळ ठेवायचा. तपासणी म्हणजे काय, ते दोघांना एवढंच ठाऊक होतं.

"दाजी, दारं कशी कळकट दिसतात बघा," मेहुणा म्हणाला. दारांना पॉलिश झालं. फरशीवर फिनेल ओतलं. कपाटात डांबराच्या गोळ्या टाकल्या. रंगाचा अर्धा डबा माळ्यावर निघाला, तो स्वयंपाकघराच्या भिंतीला लागला. धूळ आत यायला नको म्हणून खिडक्या घट्ट लावल्या. सकाळी मेहुण्याने वर सुगंधी फवारा मारला.

बाईंनी हवा मोजायची पेटी टेबलावर ठेवली. क्षणात लाल दिवा लागला आणि पेटी ओरडायला लागली.

"काका, या घरात कोणी राहतं?"

"मी राहतो ना."

"कसे राहता?"

"पेटी बिघडली असेल," मेहुणा म्हणाला आणि आणखी एक फवारा मारला. पेटीचा आवाज चढला.

बाईंनी पेटी उचलली आणि खाली, शेजारच्या गॅरेजच्या दारात नेली. तिथे एक ट्रक इंजिन चालू ठेवून उभा होता. पेटी गप्प झाली, दिवा पिवळा झाला.

"दाजी," मेहुणा हळूच म्हणाला, "बाळंतपण इथेच उरकू या."

बाईंनी खिडक्या उघडायला लावल्या, वास उडायला बरेच दिवस दिले आणि मग पेटी पुन्हा आणून ठेवली. "आठवडाभर राहू दे. काही पुसू नका, काही रंगवू नका. रोज जसं राहता तसं राहा."

बाबा रोजच्यासारखे राहिले. सकाळी बाहेरच्या खोलीत बाकावर बसले, दुपारी आडवे झाले, संध्याकाळी पुन्हा बाकावर बसले. पेटीवर सतत हिरवा दिवा. मेहुणा रोज येऊन पेटीला शाबासकी देऊन जायचा.

बाई आल्या, आकडे बघितले, खूश झाल्या. "छान आहे हो हवा! स्वयंपाकघर तर फारच छान." मग त्यांनी ओट्याकडे पाहिलं. "गॅस कधी पेटवता?"

"डबा येतो."

"कधीपासून?"

"ती गेल्यापासून."

बाई खुर्चीवर बसल्या. "मग काका, हे मोजमाप रिकाम्या घराचं झालं. मुलगी आली की गॅस पेटेल ना? एकदा काकू करायच्या तसा स्वयंपाक करा. खिडकी त्या जशी ठेवायच्या तशी ठेवा. मग खरं काय ते कळेल." पेटी त्यांनी ओट्यावर ठेवली आणि त्या गेल्या.

मेहुण्याने शर्टाच्या बाह्या सरसावल्या. कढई काढली, तेल ओतलं, कांदा वेडावाकडा चिरला. "हां, आता सांगा. खिडकी उघडी ठेवायची का बंद?"

बाबांनी खिडकी ओढून घेतली, मग पुन्हा ढकलली.

"झाकण ठेवायची का ती? आच मोठी का बारीक? दाजी, मी तुम्हाला विचारतोय."

"तुझीच बहीण ना? तू सांग."

"मी बाहेर बसायचो. तुमच्याबरोबर."

दोघं कढईकडे बघत उभे राहिले. इतकी वर्षं दोघांनी बाहेरूनच हाक मारली होती, "झालं का गं?" आतून आधी खोकला यायचा, मग ताटं यायची. ती किती वेळ आत उभी असायची, धूर कुठे जायचा, हे दोघांपैकी एकानेही पाहिलं नव्हतं.

फोन वाजला. मुलगी होती. "बाबा, कळलं का काही? तिकीट काढू?"

"हिरवा आलाय म्हणून सांगा," मेहुणा कुजबुजला. "खोटं थोडंच आहे?"

"उद्या सांगतो, बेटा," बाबा म्हणाले.

मेहुणा चपला घालून उभा राहिला, मग चपला काढून परत बसला. कढईत तेल तसंच आहे. ओट्यावरची पेटी हिरवी आहे. गॅस अजून पेटवलेला नाही आणि मुलीला काय सांगायचं ते ठरलेलं नाही.