नवी सून

सासूबाई आठवडाभर आंघोळीला तयार नव्हत्या. "तुझ्या हातून नको," एवढंच म्हणायच्या. विसरण्याच्या आजारात त्या जेवलेलं विसरत, घर विसरत. सुनेवरचा राग तेवढा लख्ख आठवे. शेवटी, पाणी उडेल म्हणून सुनेने कॉलेजच्या प्रयोगशाळेतला जुना पांढरा कोट चढवला, आणि सासूबाई मुकाट्याने स्टुलावर येऊन बसल्या.

"बरं झालं आलीस, सिस्टर. आमच्या सूनबाईंचा हात म्हणजे खराटा."

सून खरं सांगणारच होती. पण साबण लावून झाला होता. मग रोजच कोट चढू लागला.

नवरा वजनमापे निरीक्षक. ग्रॅमभर खोट त्याची झोप उडवायची. "आईशी खोटं बोलणं मला पटत नाही."

"मग उद्यापासून तू घाल आंघोळ."

तो बादली भरायला उठला.

आंघोळ करताना सासूबाई गप्प बसेनात. "सिस्टर, लग्न झालंय का तुझं?" सुनेला हो म्हणवेना, नाही म्हणवेना, ती खोकली. "नाही ना? मग माझ्या मुलाला कर. पगार बरा आहे, डोकं जरा कमी."

"अहो, पण त्यांचं लग्न झालंय ना?"

"चूक दुरुस्त करता येते."

संध्याकाळी मुलाला कोटातल्या सुनेसमोर उभं केलं गेलं. "ही मला पसंत आहे. बोल."

सुनेने डोळ्यांनीच विनवलं. एक शब्द चुकला की उद्यापासून आंघोळ बंद. नवरा म्हणाला, "आई, खरं सांगतो. माझं हिच्याशीच लग्न झालंय."

सुनेने डोळे मिटून घेतले.

"मला न विचारता उरकलंस?"

"हो."

"जन्मात एक काम तरी धड केलंस." मग आवाज खाली आला. "आणि ती जुनी?"

निरीक्षकाने बायकोकडे पाहिलं. "ती... माहेरी गेली." आयुष्यातलं पहिलं खोटं, पण मापात पूर्ण उतरलं.

दुसऱ्या दिवशी गडबडीत सून कोट घालायला विसरली. मोरीच्या दारात तिच्या लक्षात आलं आणि ती थिजली.

"अगं सूनबाई, उभी काय राहिलीस? पाणी निवतंय."

आंघोळ झाली. केस विंचरून घेताना सासूबाई हळूच म्हणाल्या, "जुनी वाईट नव्हती हो. फार केलं तिनं माझं. चांगली म्हटलं असतं तर डोक्यावर बसली असती, म्हणून कधी म्हटलं नाही. तू तशी नाहीस. तू चांगली आहेस."

सुनेने कंगवा क्षणभर थांबवला आणि दोघींच्या वतीने मान डोलावली.