सात वाजताचा पेशंट

मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत मेश्रामसाहेब रोज संध्याकाळी सातला आजारी पडत. सोमवारी मूतखडा, मंगळवारी कावीळ. रविवारी सुट्टी.

त्यांची एकुलती एक लेक श्वेता जॉर्जियात डॉक्टरकी शिकते. तिथे पहिल्या पदवीलाच एम.डी. म्हणतात, सहा वर्षांचं काम. परीक्षेत पेशंटला प्रश्न विचारून रोग ओळखावा लागतो, म्हणून सरावासाठी बाप व्हिडिओ कॉलवर पेशंट होई. बायको गेलेली, नोकरी संपलेली, वेळच वेळ. वहीत लक्षणं उतरवून पाठ करायचे. काविळीला तर तोंडाला हळद फासून बसले होते. शेजारी चिवड्याची वाटी घेऊन मी, एकमेव प्रेक्षक.

नियम एकच. ‘पेशंटनं आपणहून बोलायचं नाही, भाऊ. विचारलं तरच सांगायचं.’ एकदा मी मध्येच ‘ताप पण आहे हं’ म्हणालो, तर मला बाल्कनीत काढलं.

पण कण्हायचे असे, की घरी पोचेपर्यंत तो रोग मला झालेला असे. मी स्वतःची नाडी मोजत दार वाजवायचो. बायको विचारायची, ‘आज काय घेऊन आलात?’

परीक्षा आठवड्यावर आली होती. त्या दिवशी वहीत होते पित्ताचे खडे. साहेबांनी उजवी बरगडी धरायची, तर हात छातीवर. वाटलं, पाठांतर चुकलं. श्वेता विचारत गेली, ते सांगत गेले. छाती आवळते. डावा हात जड होतो. मेट्रोचा जिना चढताना जास्त. कपाळावर घामसुद्धा आणला होता गड्यानं. मी टाळी वाजवणार, तेवढ्यात पोरीचा आवाज बारीक झाला.

‘बाबा, हे वहीतलं आहे का?’

विचारलं होतं. सांगणं भाग होतं.

‘नाही.’

‘काका, बाबांचा हात धरा. कसा लागतोय?’

थंडगार, ओला. माझ्या मांडीवरची वाटी पडली.

‘अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा काका. फोन ठेवू नका.’ मी माझ्या फोनवरून अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली.

हॉस्पिटलात वेळेत पोचलो. दुसऱ्या दिवशी साहेबांनी डोळे उघडून आधी विचारलं, ‘तिनं तिकीट तर नाही ना काढलं? परीक्षा आहे.’

मग मात्र मी भडकलो. किती दिवसांपासून दुखत होतं?

‘पंधरा.’

‘अहो, मी रोज शेजारी बसत होतो. मला सांगायचं ना.’

साहेब ओशाळून हसले.

‘तुम्ही कुठे विचारलंत, भाऊ?’