चार नंबरच्या खाटेवरचा पेशंट

छातीत धडधडतंय म्हणून तीर्थपुरीचे कापड व्यापारी नथमलजी सकाळीच दवाखान्यात भरती झाले. दुपारी त्यांना कचोरीची आठवण अनावर झाली. बायकोला बाथरूमला जाऊन येतो असं सांगून ते मागच्या दाराने बाजारात सटकले. बायकोचे, भंवरीबाईंचे, गुडघे ठणकत होते. खाट रिकामी दिसली, तशा त्या जरा आडव्या झाल्या.

तेवढ्यात सत्यशीला सिस्टरची ड्यूटी सुरू झाली. जालन्याचं प्रशिक्षण आटोपून ती कालच परतली होती. कागद नंतर वाचा, आधी पेशंटकडे बघा आणि जे दिसेल त्यावर विचार करा, असं तिथे शिकवलं होतं. तिने खाटेवरच्या पेशंटकडे बघितलं आणि बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं. भाचीच्या लग्नाची मेंदी भंवरीबाईंच्या नखांपर्यंत काळीभोर चढली होती. यंत्राने बहात्तर दाखवले. एवढा कमी आकडा बोलत्या माणसाचा नव्हता. सिस्टरने लगेच मास्क चढवला.

भंवरीबाईंनी तो बाजूला करून सांगितलं, की पेशंट त्या नाहीत, त्यांचे मालक आहेत आणि ते बाथरूममध्ये आहेत. सिस्टरने बाथरूम उघडून बघितलं. आत कुणीच नव्हतं. ऑक्सिजन कमी पडला की माणसाला भलतंच दिसतं, हे तिला पाठ होतं.

"मावशी, मालकाचं नाव काय?"

भंवरीबाईंनी पदर पुढे ओढला. नवऱ्याचं नाव त्यांनी उभ्या जन्मात घेतलं नव्हतं.

"आठवून न्हाई राह्यलं का?"

"आठवतंय. पण घेत न्हाई."

स्मृती गेली आणि पेशंट कबूलही करत नाही, असा सिस्टरने निष्कर्ष काढला. मग तिने गुडघे, कंबर, झोप, भूक, सगळं खोदून खोदून विचारलं. एवढ्यात नथमलजी परतले. मास्क लावलेली बायको बघून त्यांच्या छातीत आता मात्र खरंच धडधडू लागलं. पेशंट आपणच आहोत, असं ते परोपरीने सांगू लागले. नातेवाइकाला धक्का बसलाय हे ओळखून सिस्टरने त्यांना स्टुलावर बसवलं आणि पाणी पाजलं.

डॉक्टर ऋषी आले. त्यांनी मेंदी बघितली, यंत्र काढून कानाच्या पाळीला लावलं. अठ्ठ्याण्णव. नखांवरच्या मेंदीने यंत्र फसलं होतं. सिस्टरचा चेहरा उतरला. मग त्यांनी नथमलजींना तपासलं. नाडी ठीक होती, मिशीला चटणी होती. डॉक्टरांनी त्यांना घरी जायला सांगितलं आणि भंवरीबाईंची माफी मागून उठायची विनंती केली. त्या उठल्या नाहीत.

"डॉक्टरसाहेब, चाळीस वर्षांत मला कुठं दुखतं, कुणी विचारलं न्हाई. ह्या पोरीनं बराबर विचारलं. आधी गुडघे बघा, मंग जाते."

डॉक्टरांनी बघितले. दोन्ही चांगलेच सुजले होते. एक्स-रेवाला सकाळी येणार होता, तोवर त्यांना ठेवून घ्यायचं ठरलं.

संध्याकाळी नथमलजींचा फोन आला. तांदूळ कुठल्या डब्यात आहेत, एवढंच बायकोला विचारायचं होतं. फोन सिस्टरने उचलला.

"पेशंट आराम करून राह्यल्यात," ती म्हणाली. "भेटायची वेळ उद्या चार वाजता."