फक्कीच्या आतले गुलाबमामा

शिरूरच्या एसटी स्टँडवर गाडी थांबली की सगळं जग तोंड पुढं करून उतरतं. गुलाबमामा पाठ करून उतरतात. दोन्ही हातांनी दाराचे दांडे धरायचे, तोंड गाडीकडं आणि एकेक पाऊल चाचपत खाली टाकायचं. मागचे प्रवासी कातावतात. एकदा कंडक्टर म्हणाला, "मामा, एसटी आहे ही, विहीर नाही." मामांनी दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकू दिले आणि मग उत्तर दिलं, "घाई केली तर दोन्ही सारखंच."

त्यांचाही इलाज नव्हता. उभी हयात लोडरवर गेली आणि लोडरवरून असंच उतरतात. दौंडच्या अलीकडं एका यार्डावर आम्ही दोघं कामाला होतो. यार्ड म्हणजे उसाच्या भुशाचे नुसते डोंगर. मी वजनकाट्यावर बसते, अजूनही, आणि मामा लोडरने ट्रक भरायचे. माणसाच्या उंचीची चार चाकं, पुढं खोलीएवढी बकेट आणि वर काचेच्या केबिनमध्ये हाडकुळे गुलाबमामा, पट्टा आवळून बसलेले.

रोज सकाळी ते आधी यंत्राला पूर्ण फेरी मारायचे. टायर बघायचे, तेल बघायचे, खाली वाकून कुणी कुत्रं झोपलंय का तेही बघायचे. मग चुन्याच्या फक्कीनं कामाच्या जागेभोवती लांबच लांब रेघ ओढायचे. लग्नात रांगोळी काढणाऱ्या बायकासुद्धा इतका वेळ घेत नाहीत! त्या रेघेच्या आत कुणी यायचं नाही. आलंच तर इंजिन बंद, बकेट जमिनीला आणि मामांचा आवाज वर. "लांब व्हा! माझं डोळं दिसत्यात का तुम्हाला? न्हाई ना? मग म्या बी तुम्हाला बघत न्हाई!"

चहावाला कप रेघेवर ठेवून जायचा. एकदा खुद्द मालक फोनवर बोलत आत शिरले. मामांनी हॉर्न असा दाबून धरला की मालकांना फोन बंद करून मुकाट्यानं मागं फिरावं लागलं. ईदला मामा आमच्यासाठी शीरखुर्मा आणायचे, तोही आम्ही रेघेबाहेर बसून खायचा आणि मामांनी केबिनमधून विचारायचं, "गोड झालाय का?"

त्यांना सगळ्यात जास्त राग 'असेल' या शब्दाचा. बकेट काढून पोती उचलायचा फोर्क जोडला की नुसता खट् आवाज ऐकून त्यांचं समाधान होत नसे. फोर्कची टोकं जमिनीला टेकवून दाबायची, यंत्र जरा मागं घ्यायचं, मग खाली उतरून लॉकची पिन बसलेली डोळ्यांनी बघायची. हमाल खोळंबायचे. "मामा, बसली असेल की!" "असंल म्हंजी न्हाई," मामा म्हणायचे. हे वेड यार्डापुरतं असतं तर ठीक होतं. माझ्या डब्याचं झाकणसुद्धा ते ओढून बघायचे आणि दोनदा त्यात भाजी माझ्या साडीवर सांडली.

असे हे मामा सुट्टी घेत नसत. मामी गेल्यापासून तर नाहीच. मुलगी बारामतीला सासरी, शिरूरला घरात एकटे. दिवाळीत यार्ड बंद राहणार म्हटलं की बाकीचे खूश व्हायचे आणि मामा विचारायचे, "एक दिवस तरी चालू ठिवा की." माणसांवर ओरडायला का होईना, त्यांना माणसं लागायची. लोडर सुटला तर या माणसाचं काय होईल, असा विचार माझ्या मनात कितीदा तरी येऊन जायचा.

तो सुटला एका भर दुपारी. मी मामांना एका गाडीचं वजन सांगायला गेले होते. रेघेच्या बाहेर, त्यांच्या डाव्या हाताला उभी राहून हात करत होते. मामा लोडर मागं-पुढं करत राहिले. मला वाटलं, मुद्दामच ताटकळत ठेवलंय. शेवटी लोडर वळला, मी त्यांच्या समोर आले आणि ते एकदम थांबले. बकेट खाली टेकली, इंजिन बंद झालं, मामा पाठ करून उतरले.

"ताई, कवापासनं उभ्या हाय?"

"बराच वेळ झाला. हात करून करून खांदा दुखला."

"हितंच?"

"इथंच."

त्यांनी उजवा डोळा तळहातानं झाकला आणि माझ्याकडं बघितलं. मग हळूहळू मान वळवत राहिले, मी नक्की कुठं हरवते ते शोधत. त्यांचा चेहरा बघून मला भीती वाटली.

"मामा, काही झालं नाही ना? मी बाहेरच तर होते."

"व्हय. म्हणूनच आज उतरतो."

किल्ली त्यांनी मालकांच्या टेबलावर ठेवली. शिरूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. उरलेली नजर औषधानं टिकेल, गेलेली परत येणार नाही. मालक माणूस चांगला, पण सीझन ऐन भरात होता. ते म्हणाले, "सीझनभर चालवा मामा, कोण बघतंय?" मामा म्हणाले, "म्याच बघत न्हाई मालक, तीच तर अडचण हाय." मालकांनी गेटवर बसायचं काम देऊ केलं. मामांनी तेही घेतलं नाही. गेटवर गाड्या रिव्हर्स येतात, डाव्या बाजूनं कोण आलं तर कळायचं नाही, म्हणाले.

त्यानंतर नवा ऑपरेटर आला. कामाला झपाट्याचा आहे, फक्कीबिक्की मारत नाही. मी मात्र वजन सांगायला जाताना अजून लांबूनच हाक मारते.

परवा संध्याकाळी शिरूरला उतरले आणि घरी जायच्या आधी मामांकडं वळले. मार्केट यार्डाच्या मागं एक खोली आणि स्वयंपाकघर. मामा अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. कुठं निघालात, विचारलं तर म्हणाले, कुठंच नाही. चहा केला. मला खुर्ची दिली, स्वतः पार पलीकडं खाटेवर बसले. मी यार्डातल्या गमती सांगितल्या. मुलगी बोलावते का, विचारलं. "बोलावती की. पर लेकीच्या सासरी किती दिवस बसायचं?" शेजारपाजारचं कोण येतं का, विचारलं. मामा हसले.

"सगळी जिंदगी लोकांना लांब व्हा, लांब व्हा म्हणलो, ताई. सगळ्यांनी ऐकलं की!"

विनोद म्हणूनच सांगितलं त्यांनी. मलाही हसायचं होतं, पण मी नुसताच चहाचा कप तोंडाला लावून बसले. कप केव्हाच रिकामा झाला होता. मी पर्स उचलली तसे मामा घाईघाईनं उठले.

"पिठलं टाकतो. लई वेळ न्हाई लागायचा. तिखट चालतंय ना?"

मी पर्स खाली ठेवली, घरी फोन लावला आणि नवऱ्याला सांगितलं, "आमटी फ्रीजमध्ये आहे, भात तेवढा लावा. मी जेवूनच येते."